पोट सुटलेली आकृती

गॅसवर दोन पातेली होती आणि दोन्हींत चहाच उकळत होता. एकात चहा टाकून झाल्यावर तिनं दुसरं पातेलं घेतलं, पाणी ओतलं, साखर घातली, चहाची पूड घातली आणि मग कुठे शेजारी बघितलं. दुसरं कुणी असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता. तिनं दोन्हीकडची आच बारीक केली आणि दोन्ही चहा एकाच किटलीत गाळले.

“दुप्पट केलास की गं,” टेबलापाशी पावाला लोणी लावत सासूबाई म्हणाल्या. “कुणी यायचंय का?”

“नाही.”

“मग?”

“झाला.”

सासूबाईंनी पुढे विचारलं नाही. गेल्या सात-आठ महिन्यांत या घरात बऱ्याच गोष्टी अशा नुसत्या झाल्या होत्या. भाजीत दोनदा मीठ झालं होतं. इस्त्री चालू राहून चादरीवर तिचा तांबूस ठसा उमटला होता. एकदा तर कुलूप न लावताच घर दिवसभर उघडं राहिलं होतं आणि संध्याकाळी दोघींनी एकमेकींना एक शब्दही विचारला नव्हता. रडारड नव्हती, चिडचिड नव्हती. तिचा नवरा, म्हणजे सासूबाईंचा एकुलता एक मुलगा, गेल्यापासून घर एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं होतं. आवाज करत नव्हतं, इतकंच.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल कधीचीच बंद पडली होती. ती दुरुस्त करणारा माणूस आता नव्हता आणि नवा बोलवायचं दोघींनाही सुचलं नव्हतं.

“बाणबाई, आहात का घरात? की दोघी मिळून पळून गेलात?”

आवाजावरूनच कळलं. शहराच्या बसगाड्या चालवणारं जे सरकारी मंडळ, त्यात ती चित्रकार होती आणि दारातला माणूस त्याच मंडळाच्या डेपोत चिकटपट्ट्या लावायचं काम करायचा. गाडीत, गाडीवर, स्टॉपच्या खांबावर जे जे म्हणून चिकटवायचं ते त्याच्या हातून जायचं. त्याच्या बोटांना कायम गोंदाचा वास यायचा, म्हणून सगळं मंडळ त्याला डिंक्या म्हणायचं. वयानं पन्नाशी ओलांडली तरी नाव काही ओलांडता आलं नव्हतं. राहायचा मागच्याच गल्लीत.

“या, भाऊ. चहा घ्या. जास्तीचाच आहे.”

“बघा, माझ्या नशिबात चहा आधीच तयार!” काखेतली कागदाची गुंडाळी सांभाळत तो आत आला. “आज्जी, तब्येत काय म्हणते?”

“तब्येत काय म्हणणार, तिला विचारतंय कोण,” सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्यापुढे पावाची ताटली सरकवली.

डिंक्यानं गुंडाळी टेबलावर उलगडली. बारा चौकोन होते आणि प्रत्येकात एक काळी आकृती. बसगाड्यांमधल्या सूचनांच्या चित्रांचा नवा संच. सगळीकडे एकसारखी, बारीक, गोल डोक्याची माणसं असावीत असा वरून हुकूम आला होता आणि हा संच तिनंच काढून दिला होता. छापखान्यातून नमुना परत आला होता. एका आकृतीभोवती लाल पेनानं गोल केला होता.

“काल तुम्ही निघालात आणि हा आला,” डिंक्या म्हणाला. “साहेब म्हणाले, सकाळी बाईंना घरीच दाखव, म्हणजे आल्या आल्या कामाला लागतील. दुपारी छापायला जायला पाहिजे. बाकी अकरा फर्स्ट क्लास आहेत म्हणाले. हे धावणारे गृहस्थ मात्र जेवून निघालेले दिसतात म्हणाले.”

तिनं चष्मा पुसून घातला आणि वाकून पाहिलं.

‘धावत्या गाडीमागे पळू नका’ या सूचनेचं चित्र होतं. पुढे झुकलेला माणूस, एक हात लांब केलेला. बाकीच्या अकराजणांची पोटं सपाट होती. याला मात्र स्वच्छ, गोलसर पोट होतं. आणि डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता.

रेघ अर्ध्या केसाइतकी हलली तरी तिच्या नजरेतून सुटत नसे, असं मंडळात सगळे सांगत. बाणबाई हे नावही त्यावरूनच पडलेलं. कुठल्याही फलकावरचा बाण ती आधी भिंतीला टेकवायची, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायची आणि चष्मा काढून बघायची. चष्म्याशिवायही वाट कळली तर बाण पास. तिकिटाच्या खिडकीकडे, पाण्याच्या नळाकडे, बाहेर जाण्याच्या दाराकडे, शहरातले झाडून सगळे बाण तिच्या हातचे. आणि हे पोट तिनं स्वतः काढलं होतं, स्वतः तपासलं होतं, स्वतः सही करून पाठवलं होतं. दिसलं नव्हतं.

“हं,” ती म्हणाली. “दुरुस्त करते.”

डिंक्यानं एकदा तिच्याकडे, एकदा चित्राकडे बघितलं. ते पोट कुणाचं हे त्याला चांगलं माहीत होतं. जुनी चित्रं त्यानंच तर चिकटवली होती.

त्या जुन्या चित्रांची गोष्ट मंडळातल्या नव्या लोकांना ठाऊक नव्हती. ती नोकरीत नवी होती तेव्हा मंडळानं ठरवलं, आपल्या गाड्यांत आपली चित्रं हवीत. तेव्हाच्या साहेबांना ती विचारायला गेली, की माणसं काढायची तर समोर उभं राहायला माणूस लागेल, तो कुठून आणू? साहेब म्हणाले, घरात कुणी नाही का?

घरात नवरा होता. पाणीपुरवठा खात्यात कारकून. पोट सुटलेलं, डावा खांदा वर्षानुवर्षं पिशवी अडकवून कलंडलेला, आणि बोलका इतका की गप्प बसायला सांगितलं तर आजारी पडेल. मग रविवारी दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की ती खोलीत मध्ये पांढरी चादर टांगायची, चादरीला अलीकडून कागद लावायची आणि पलीकडे त्याला उभा करायची. उन्हानं त्याची सावली कागदावर पडायची आणि ती पेन्सिलीनं कडेकडेनं गिरवत जायची.

“अहो, हलू नका.”

“अगं, मी धावतोय ना? धावणारा माणूस हलणारच!”

“सावली हलते.”

“मग तिला सांग. मी कुठे तिला हलवतोय?”

दारातून बाहेर वाकणारा तो, चालत्या गाडीमागे पळणारा तो, चालकाशी गप्पा मारणाराही तोच. त्या चित्राच्या वेळी त्यानं खरोखरच तासभर तोंड चालू ठेवलं होतं. सामान सांभाळा म्हणून सांगणाऱ्या चित्रात मांडीवर पिशवी ठेवून डुलकी काढणारा तो. वृद्धांसाठी राखीव जागेच्या चित्राला सासूबाईंना उभं राहायला सांगितलं, तर त्या फणकारल्या, “मी काय म्हातारी दिसते?” म्हणून छत्री टेकत, पाठीला बाक काढून तोच उभा राहिला. गरोदर बाईच्या जागेसाठीही दुसरं कुणी मिळेना, तेव्हा शर्टात उशी खुपसून आला. “आई, अभिनंदन, आजी होणार तू!” सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

असा तो शहरातल्या सगळ्या बसगाड्यांत जाऊन बसला. पुढे पंधरा-सोळा वर्षं लोक त्याला टेकून उभे राहिले. बसमध्ये चढला की तो आधी स्वतःला शोधायचा आणि शेजारच्याला सांगायचा, “हा मी.” शेजारचा जरा सरकून बसायचा.

मग एका दुपारी तो ऑफिसातच खुर्चीत बसल्या बसल्या गेला. बरोबरच्यांना वाटलं, डोळा लागला. घरी सांगायला आलेला सहकारी कसंनुसं म्हणाला होता, “वहिनी, अगदी त्या बसमधल्या चित्रासारखे बसले होते हो.”

ती लवकरच कामावर परत गेली. लोक म्हणाले, धीराची आहे. धीरबीर काही नव्हता. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय झोपतो, चिमटा काढला तरी समजत नाही, तसं काहीतरी तिचं झालं होतं. मुंग्या यायला लागल्या की समजायचं, रक्त परत येतंय. तिच्या मुंग्या अजून आल्या नव्हत्या. चित्रं बदलायचा हुकूम आला तेव्हा शाखेतल्या दोघा-तिघांनी चोरून तिच्याकडे पाहिलं. ती “बरं” म्हणाली आणि ठरलेल्या मुदतीच्या आधीच संच पुरा करून दिला.

“चला, उद्यापासून माझी मान मोडणार,” दुसरा कप ओतून घेत डिंक्या आता वातावरण हलकं करायला म्हणाला. “सगळ्या गाड्या आळीपाळीनं डेपोत लावायच्यात. आज्जी, तुम्ही मात्र आज दुपारीच फेरी मारून घ्या बरं का. तुमची गाडी पहिल्याच खेपेत आहे.”

सासूबाईंच्या हातातली सुरी लोण्यात थांबली.

“कुठली गाडी?” तिनं विचारलं.

“अहो, आज्जी रोज दुपारी येतात की आमच्या डेपोपर्यंत! शेवटच्या स्टॉपलाही उतरत नाहीत. गाडी वळते, या बसलेल्याच. ड्रायव्हर-कंडक्टरांशी तर घरोबा झालाय.” तो हसला. मग दोघींच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू ओसरलं. “म्हणजे... तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं.”

“पाय मोकळे करायला जाते,” सासूबाई सुरीकडे बघत म्हणाल्या. “बागेत जाते असं मी कधी म्हटलं नव्हतं.”

म्हटलं नव्हतं हे खरं होतं. तिनंही कधी विचारलं नव्हतं.

“आणि डेपोत लावून काय करायचं?” सासूबाईंनी विचारलं.

डिंक्याला कामाबद्दल विचारलं की त्याला भान राहत नसे. “काही नाही हो, जुनं काढायचं. आधी गरम हवा मारायची, गोंद सैल होतो. मग पातं घालायचं कोपऱ्यातून. पण इतक्या वर्षांचं ते, अखंड थोडंच निघणार! आधी डोकं निघतं, मग हात. पाय तर असे चिवट बसलेले असतात की नुसतं खरवड खरवड...”

बोलता बोलता त्याचंच त्याला ऐकू आलं. कप खाली ठेवून तो खिडकीबाहेर बघायला लागला. किटलीवर माशी बसली होती ती उडाली.

“वरून चिकटवता येत नाही?” थोड्या वेळानं सासूबाई म्हणाल्या. “जुन्यावरच नवं?”

“येतं की. माझं तर कामच अर्धं होईल,” तो घाईनं म्हणाला. “आम्ही किती वेळा तसंच करतो. पण या वेळी साहेबांचा लेखी हुकूम आहे. वरून तपासणीला माणसं यायचीत, जुन्याचा मागमूस राहता कामा नये म्हणून. साहेब म्हणाले तरच. आपल्या हातात काय?”

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं नाही. लोण्याचा डबा बंद केला, झाकण दोन्ही हातांनी घट्ट दाबलं.

“दिसला नाही तरी चालेल,” त्या डब्याला सांगावं तसं म्हणाल्या. “माणूस झाकायचा असतोच कधी ना कधी. खरवडू नये.”

डिंक्या चहा अर्धा टाकूनच उठला. जाताना दारात चप्पल शोधत पुटपुटला, “तरीच. त्या एका गाडीतल्या चित्रांना ना दाढी-मिशा, ना च्युइंगगम. मी म्हणायचो, कोण पुसतं?”

ती जेवणाचा डबा घेऊन कामाला निघाली तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या होत्या. हातात नेहमीची पिशवी.

“मीही येते. तुझ्या ऑफिसावरूनच जाते ती गाडी.”

“गर्दी असते सकाळी.”

“असू दे. मला कुणी ना कुणी जागा देतं. म्हातारी दिसते मी.”

स्टॉपवर दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. खांबावरचा मार्गांचा नकाशा तिच्याच हातचा. सासूबाईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि शेवटच्या स्टॉपवर थांबवलं. तिथला रंग जरासा उडाला होता.

बस आली. गर्दी खरंच होती. एका मुलीनं उठून सासूबाईंना जागा देऊ केली, तर त्या “नको गं, मला तिकडे बसायचंय” म्हणत थेट पुढच्या दाराकडे गेल्या. दारासमोरच्या सीटवर एक जाडजूड गृहस्थ बसले होते. सासूबाई त्यांच्या डोक्यावर नजर लावून अशा उभ्या राहिल्या की दोन स्टॉपांतच गृहस्थांना उतरावंसं वाटलं.

“बैस,” त्या खिडकीशी सरकत म्हणाल्या.

समोर, दाराच्या बाजूला, पिवळ्या चौकोनात तो होता. दांडा धरून बाहेर वाकलेला, पोट आत, डोकं बाहेर. ‘दारातून बाहेर वाकू नका.’

“हे सगळ्यात त्याच्यासारखं आलंय,” सासूबाई म्हणाल्या. “शाळेत जायचा तेव्हाही असाच. जिन्याच्या कठड्यावरून वाकून ओरडायचा, ‘आई, डबा!’ मी म्हणायची, पडशील मेल्या.”

ती बघत होती. रोज याच गाड्यांनी ती कामाला जात होती, रोज हे चित्र समोर होतं. तिला दिसलं होतं ते इतकंच, की वरचा पारदर्शक थर कडेनं सुटत चालला आहे आणि पिवळा रंग फिकटला आहे. आताही तिला तेच दिसत होतं.

सासूबाईंनी पिशवीतून रुमाल आणि पाण्याची बाटली काढली. कुणीतरी पेनानं आकृतीला मिशा काढल्या होत्या. कालपर्यंत नसणार, कारण सासूबाई “आल्याच का परत” असं म्हणाल्या. गाडी सिग्नलला थांबल्याबरोबर त्या उठल्या, दांड्याला एक हात घातला, ओल्या रुमालानं त्याचं तोंड पुसलं. मूल शाळेत जाताना त्याचं पुसतात तसं, जरा रागानं, हनुवटीपासून वर. कंडक्टरनं घंटी वाजवायची थांबवली, त्या बसेपर्यंत.

“नवीन चित्रं तू काढलीस?” बसल्यावर त्यांनी विचारलं.

“हो.”

“सगळी?”

“सगळी. काम आहे ते, आई.”

“मी कुठे नाही म्हणते.” रुमालाची घडी झाली, पिशवीत गेली. “तुला बोलले नाही मी इथं येते ते. म्हटलं, तू तर रोज बसमधूनच जातेस. तुला दिसतच असेल.”

“दिसतं.”

“मग?”

“काही नाही होत,” ती म्हणाली. गेल्या सात-आठ महिन्यांत ती हे पहिल्यांदाच कुणाला सांगत होती आणि सांगतानाही काही झालं नाही. “चित्र दिसतं. पुढे काही होत नाही.”

सासूबाईंनी मान हलवली. समजूत घातली नाही, पाठीवर हात फिरवला नाही. फक्त स्वतःची पिशवी तिच्या मांडीवर सरकवली आणि म्हणाल्या, “धर जरा. माझे गुडघे दुखतात.”

पिशवी काही जड नव्हती. पण तिचा स्टॉप येईपर्यंत ती धरून बसली.

“उतर तू. मी पुढे जाते, शेवटपर्यंत,” सासूबाई पिशवी परत घेत म्हणाल्या. ती दारात पोचली तेव्हा मागून आवाज आला, मोठ्यानं, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा. “सांभाळून उतर. बाहेर वाकू नकोस.”

चित्रशाखा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. दोन संगणक, एक कापायचं यंत्र, भिंतीवर वेगवेगळ्या बाणांचे नमुने, आणि खिडकीत कुणीतरी कधीतरी आणून ठेवलेलं न वाढणारं, न मरणारं झाड. तिनं आपली डब्याची पिशवी टांगली, संगणक सुरू केला, धावणारा माणूस उघडला.

पडद्यावर पोट मोठं दिसत होतं. त्याच्या रेघेवर तीन ठिपके होते. मधला ठिपका धरून आत ढकलला की पोट जाणार. ती ठिपक्यावर बाण ठेवून बसली. हे पोट आपण कधी काढलं ते तिला आठवेना. सपाट पोटाचीच आकृती काढायला घेतली होती. हाताला पंधरा-सोळा वर्षांची सवय, हात त्या वळणावरून आपोआप गेला असणार, जसा दोन पातेल्यांत चहा टाकून आला. आपल्याला काही वाटत नाही, पण हाताला काही वाटत असेल का, असा एक विचार आला. आला तसा गेला.

तिनं ठिपका आत ढकलला. पोट गेलं. मग डावा खांदा वर उचलला. आता तो बाकीच्या अकराजणांसारखा दिसायला लागला, कुठूनही आलेला आणि कुठेही जाणारा. सवयीनं ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली, चष्मा काढला, पाहिलं. पळणारा माणूस. स्वच्छ. पास.

कागद छापून घेतला. मग पुन्हा बसली आणि बाराही चौकोनांच्या कडा मापल्या. नवे चौकोन जुन्यांपेक्षा नखभर मोठे होते. मापं तिनंच ठरवली होती. का, ते आता सांगता आलं नसतं, पण एवढं खरं, की नवं चित्र जुन्यावर ठेवलं तर जुन्याची कड कुठूनही बाहेर येणार नव्हती.

साहेबांच्या केबिनकडे जाताना तिनं कारणं जुळवून ठेवली. पात्यानं पत्र्याला ओरखडे पडतात. ओरखड्यांवर नवा गोंद नीट धरत नाही. गरम हवेनं आतला रंग सोलवटतो आणि गाडी पुन्हा रंगवायला न्यावी लागते. वरून चिकटवलं तर काम निम्म्या वेळात होईल, डेपोत गाड्या अडकणार नाहीत, लोकांचे हाल होणार नाहीत. सगळी कारणं खरी होती. सगळी साहेबांना पटण्याजोगी होती.

साहेब वर्षापूर्वीच बदलून आलेले, तरुण, टापटिपीचे, कुणाला दुखवायला न आवडणारे. त्यांनी नमुना हातात घेतला आणि खूश झाले.

“वा! आता कसे सडपातळ झाले. चार दिवस उपास घडलेला दिसतोय.”

ती वेळेवर हसली. हसायची वेळ तिला अजून बरोबर कळायची.

साहेबांनी सही केली, शिक्का उठवला. कागद छापखान्याच्या फाइलीत गेला. त्याच टेबलावर डेपोला जायचा हुकूम पडला होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर काचेचा गोळा. उलटीकडूनही तिला वाचता येत होतं, उलटी अक्षरं वाचायची तिला सवयच होती. जुनी चित्रं समूळ काढून टाकावीत. मागमूस राहू नये.

“आणखी काही, मॅडम?” साहेबांनी विचारलं. ते सगळ्यांनाच विचारत आणि विचारता विचारता पुढचा कागद ओढत.

खालून बसचा हॉर्न ऐकू आला. कुठली गाडी ते सांगता आलं नसतं. सासूबाई एव्हाना शेवटच्या स्टॉपला पोचल्या असतील, गाडी वळत असेल, त्या बसलेल्याच असतील. उजव्या तळहातात काहीतरी बारीक बारीक टोचायला लागलं होतं. बसमध्ये सासूबाईंच्या पिशवीचे बंद घट्ट धरल्यानं असेल.

“मॅडम?”

जुळवून आणलेली कारणं तिथंच होती, ओळीनं, तयार. ओरखडे, गोंद, रंग, वेळ. तिनं त्यातलं एक उचलायला तोंड उघडलं आणि ते तसंच बाजूला राहिलं.

साहेबांनी वर पाहिलं.

“साहेब, जुन्या चित्रांत माझा नवरा आहे,” ती म्हणाली. “खरवडू नका. वरून चिकटवा.”